पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर

ऑर्व्हिल: ते आधी खाली ठेवा, रीवाताई. नळी माझ्या पोटाकडे आहे.

रीवा: रिकामं आहे म्हणालात ना?

ऑर्व्हिल: रिकामंच आहे. पण एकतीस वर्षं हे दुकान चालवतोय, रिकाम्या पिस्तुलानं गेलेली माणसं मला माहीत आहेत. भरलेल्याला सगळेच जपतात. हं, आता नळी भिंतीकडे. बोट चापाबाहेर ठेवा. आणि दुसऱ्या हातानं हा वरचा भाग मागे ओढा.

रीवा: ओढतेय.

ऑर्व्हिल: जरा जोर लावा.

रीवा: जोरच लावतेय, ऑर्व्हिलभाऊ. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली उचलली या हातांनी. तुमच्या लेकीला, डेलालाही याच हातांनी वाढलंय. आता सांधे धरलेत, त्याला मी काय करू?

ऑर्व्हिल: मग पिस्तूल नकोच. ऐन वेळी अडकलं तर हा भाग ओढूनच मोकळं करावं लागतं. तेव्हा कोण ओढणार? तुम्हाला रिव्हॉल्व्हर बरं. पाच गोळ्या, हे फिरतं चक्र आणि एक चाप, बस. एखादी गोळी नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची येते.

रीवा: कितीला?

ऑर्व्हिल: नवं सव्वाचारशे डॉलर.

रीवा: आणि त्या कोपऱ्यातलं? दीडशे लिहिलंय.

ऑर्व्हिल: ते दोनदा विकलं आणि दोनदा परत आलं. स्वस्त घ्या, पण वेळेला दगा देईल असं घेऊ नका. थांबा, हे बघा. बँकेवरच्या पहारेकऱ्याचं आहे. अठरा वर्षं कमरेला होतं आणि सरावापलीकडे कधी झाडलं नाही. पट्ट्याला घासून बाहेरून रंग उडालाय, आतून ठणठणीत आहे. दोनशे ऐंशी.

रीवा: जड आहे हो.

ऑर्व्हिल: जड असू दे. हलकं खिशात बरं, पण झाडताना हातात उसळतं. पहिल्यांदा घेणारा हलकं मागतो आणि दोन गोळ्या झाडून कपाटात टाकून देतो. आता चाप ओढून बघा. दोन्ही हातांनी धरा.

रीवा: हा तर दगडासारखा आहे.

ऑर्व्हिल: सावकाश. एकसारखा ओढा, झटका नको. हं, आला. अजून एकदा. पाचही वेळा जमलं पाहिजे.

रीवा: चार झाले. पाचवा नाही जमत.

ऑर्व्हिल: आत थोडी दुरुस्ती करून चाप जरासा हलका करून देतो, त्याचे पैसे नकोत. आणि गोळ्या कमी जोराच्या घ्या. मागच्या टेकाडाला माझी सरावाची जागा आहे. रोज येऊन दहा दहा झाडा. नुसतं घरात ठेवून काही उपयोग नाही. कशासाठी हवंय, हे अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

रीवा: अस्वलं येतात कचऱ्यावर.

ऑर्व्हिल: अस्वलाला हे पुरायचं नाही.

रीवा: माणसाला पुरेल ना?

ऑर्व्हिल: पुरेल.

रीवा: मग हेच द्या.

ऑर्व्हिल: रीवाताई, बाहेर गाडीत तुमची लेक जनेल बसलीय ना? तिच्यासाठी घेताय का? सरळ विचारतो, कारण कागदावर लिहून घ्यावं लागतं. तिच्यासाठी असेल तर मला इथंच थांबावं लागेल. एकविसाच्या आत दुकानातून रिव्हॉल्व्हर विकता येत नाही, आणि दुसऱ्याच्या नावानंही देता येत नाही.

रीवा: पोरीला सतराव्या वर्षी लेकरू झालेलं चाललं. अठराव्या वर्षी लग्न चाललं. नवऱ्यानं जबडा फोडला, तेव्हाही तिचं वय कुणी विचारलं नाही. नाही, माझ्यासाठीच घेतेय. दोन महिने झाले, ती आणि छोटी टेसी माझ्याच घरात आहेत. तो येईल तो माझ्याच दारात येईल. लिहा.

ऑर्व्हिल: कोर्टात गेलात का?

रीवा: गेलो ना. तात्पुरता हुकूम मिळालाय, त्यानं पाचशे फुटांच्या आत यायचं नाही असा. गेल्या बुधवारी शेरीफच्या माणसानं नेऊन त्याच्या हातात दिला. पुढची सुनावणी येत्या सोमवारी. सोमवारी न्यायाधीशबाईंनी पक्का केला तर त्याला हत्यार बाळगता येणार नाही म्हणतात. तोवर नुसता कागद. मी तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. बाहेरून तो वाचणार कसा, असं टेसीनं विचारलं. तिला अजून वाचताही येत नाही.

ऑर्व्हिल: शेरीफची गाडी डोंगरात, तुमच्या घळीतल्या घरापर्यंत यायला किती वेळ लागतो?

रीवा: मागच्या वेळी पन्नास मिनिटं लागली. पाऊस नव्हता, काही नव्हतं.

ऑर्व्हिल: नवरा कोण तिचा? इथलाच का?

रीवा: काइल. नेपियरांचा धाकटा. लाकडाच्या वखारीत कामाला आहे.

ऑर्व्हिल: उंच? कानाजवळ भाजल्याचा डाग?

रीवा: तोच. तुम्ही ओळखता?

ऑर्व्हिल: तोंडओळख आहे.

रीवा: काय झालं? कागद काढता काढता थांबलात का?

ऑर्व्हिल: काही नाही. चष्मा शोधतोय.

रीवा: चष्मा डोळ्यांवर आहे तुमच्या. ऑर्व्हिलभाऊ, आपण एका चर्चमध्ये बसतो. माझ्याकडून भाऊ म्हणवून घेता. काय आहे ते सांगा.

ऑर्व्हिल: खरं म्हणजे हे सांगू नये. गिऱ्हाइकाची गोष्ट दुकानाबाहेर जात नाही, एवढा एकच नियम माझ्या वडिलांनी घालून दिला होता.

रीवा: मी दुकानातच उभी आहे.

ऑर्व्हिल: शुक्रवारी आला होता. सकाळी. पिस्तूल घेऊन गेला.

रीवा: इथून?

ऑर्व्हिल: इथून. तुम्ही आता उभ्या आहात तिथंच उभा होता.

रीवा: हुकूम हातात पडल्यावर दोन दिवसांनी.

ऑर्व्हिल: विकण्याआधी सरकारकडून नाव तपासून घ्यावं लागतं, त्यात तात्पुरता हुकूम आडवा येत नाही, ताई. पक्का झाला की येतो. मी नाव कळवलं आणि पाच मिनिटांत 'चालेल' आलं.

रीवा: कशासाठी हवंय म्हणाला?

ऑर्व्हिल: मीच विचारलं होतं. म्हणाला, घराच्या रक्षणासाठी.

रीवा: हं.

ऑर्व्हिल: प्यायलेला नव्हता, आवाज चढलेला नव्हता. सर म्हणत होता. मी त्याला सगळं नीट दाखवलं. आता तुम्हाला दाखवलं तसंच.

रीवा: बोट चापाबाहेर, वगैरे.

ऑर्व्हिल: हो.

रीवा: तुम्हाला नाही म्हणता आलं असतं?

ऑर्व्हिल: आलं असतं. दुकान माझं आहे, कुणालाही नाही म्हणता येतं. पण कारण दिसलं नाही मला.

रीवा: लग्नाच्या आधी मलाही दिसलं नव्हतं. जेवायला यायचा तर ताट स्वतः धुवायचा. तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. कागद द्या, सही करते.

ऑर्व्हिल: हे घेण्यापेक्षा दोघींना घेऊन लेक्सिंग्टनला जा. तिथं बायकांसाठी आश्रयाची जागा आहे. मी गाडीनं सोडतो. आत्ता.

रीवा: दोनदा फोन केला. जागा झाली की कळवू म्हणाले. दूरच्या गावी खोली घ्यायची तर जनेलची डॉलर-दुकानातली नोकरी जाते. नोकरी गेली की तो कोर्टात म्हणणार, पोरीला सांभाळायची हिची ऐपत नाही. सगळीकडून विचार करून झालाय, भाऊ. सगळा विचार संपला म्हणून मी इथं आले. घ्या, झाली सही.

ऑर्व्हिल: बसा दोन मिनिटं. नाव कळवतो.

रीवा: बसते. तुमच्या मिसेसचं ऑपरेशन कसं झालं?

ऑर्व्हिल: बरी आहे. काठीनं चालते. ताई, उत्तर आलं.

रीवा: चालेल म्हणाले ना?

ऑर्व्हिल: नाही. नकारही नाही. थांबा म्हणतात.

रीवा: थांबा म्हणजे?

ऑर्व्हिल: तुमच्याच नावाची कुणीतरी दुसरीकडे असेल, तिच्यावर काही गुन्हा असेल. ती तुम्ही नाही, हे त्यांना तपासायचंय. कामाचे तीन दिवस लागतात. आज गुरुवार. उद्याचा एक, शनिवार-रविवार धरत नाहीत, मग सोमवार आणि मंगळवार. तोवर त्यांच्याकडून काही आलं नाही, तर बुधवारी मी तुम्हाला देऊ शकतो.

रीवा: त्याला पाच मिनिटं आणि मला बुधवार.

ऑर्व्हिल: हो.

रीवा: चर्चच्या भांड्यांतला एक चमचाही मी कधी घरी नेला नाही.

ऑर्व्हिल: मला माहीत आहे. ताई, तोवर मी येऊन बसतो तुमच्या ओसरीवर. शनिवार, रविवार, सगळे दिवस. माझ्याकडे माझी बंदूक आहे.

रीवा: आणि मिसेसना कोण उठवणार, बसवणार? राहू द्या.

जनेल: आई, किती वेळ? टेसी झोपून उठली, तिला भूक लागलीय. मिळालं का?

ऑर्व्हिल: ये, जनेल. आज नाही मिळणार, पोरी. बुधवारी.

जनेल: काइलला तर त्याच दिवशी मिळालं.

रीवा: तुला कुणी सांगितलं?

जनेल: त्यानंच. फोटो पाठवला होता, शुक्रवारी दुपारी. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलेलं, शेजारी बिल. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

ऑर्व्हिल: शेरीफला दाखवलास?

जनेल: दाखवला. म्हणाले, धमकीचा एक शब्दही नाही यात. आपल्या वस्तूचा फोटो काढणं गुन्हा नाही. पण पाठवला हे सोमवारी न्यायाधीशबाईंना सांग म्हणाले.

रीवा: आणि मला सहा दिवस सांगितलं नाहीस?

जनेल: तुला झोप लागत होती, आई. म्हटलं, घरात एकीला तरी लागू दे.

(पुढचा बुधवार. तेच दुकान, सकाळी नऊची वेळ.)

ऑर्व्हिल: या. केव्हापासून उभ्या आहात बाहेर?

रीवा: थोडा वेळ झाला. आलं का उत्तर?

ऑर्व्हिल: काहीच आलं नाही. तीन दिवस भरले, म्हणजे मला देता येतं. हे घ्या, चाप हलका केलाय. ओढून बघा.

रीवा: पाचही जमले.

ऑर्व्हिल: सोमवारी काय झालं?

रीवा: हुकूम पक्का झाला. तीन वर्षांसाठी. बाई चांगल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं. जनेलनं फोटो दाखवला. बाई त्याला म्हणाल्या, हे पिस्तूल आजच्या आज शेरीफकडे जमा करायचं.

ऑर्व्हिल: मग केलं?

रीवा: तो म्हणाला, विकलं. शनिवारी, पेट्रोल पंपावर, एका माणसाला. नाव विचारलं नाही म्हणाला. शर्टाला इस्त्री करून आला होता.

ऑर्व्हिल: विकलं नसणार त्यानं.

रीवा: नाहीच. न्यायाधीशबाईंनाही ते कळलं. चष्मा काढून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग शेरीफच्या माणसांनी घर बघितलं. नाही मिळालं. त्याच्या आईचं घर, भावाचं घर, वखार, सगळा डोंगर पडलाय लपवायला. विकलं असं लिहून घेतलं आणि सोडून दिलं त्याला. जिन्यात आमच्यासाठी दार धरून उभा होता.

ऑर्व्हिल: काही बोलला?

रीवा: टेसीला म्हणाला, लवकर भेटू.

ऑर्व्हिल: हे तरी सांगितलंत का कुणाला?

रीवा: सांगितलं. बाप आहे तो तिचा, म्हणाले.

ऑर्व्हिल: बसा जरा. ही पेटी घेऊन जा, लोखंडी आहे. पैसे नकोत. घरात लहान पोर आहे, रिव्हॉल्व्हर कुलपातच ठेवायचं. किल्ली तुमच्या गळ्यात.

रीवा: घरच्या कुलपाच्या डब्यावर आधीच सराव करून बघितला मी. किल्ली काढायची, लावायची, उघडायचं. या बोटांनी किल्ली दोनदा खाली पडते.

ऑर्व्हिल: मग आकड्यांचं कुलूप देतो.

रीवा: भीतीनं आकडे आठवतील का? उघडं ठेवलं तर टेसी हात घालणार. बंद ठेवलं तर वेळेत हाती यायचं नाही. काल रात्रभर जनेल आणि मी यावरच बोलत बसलो. शेवटी बंदच ठेवायचं ठरलं.

ऑर्व्हिल: बरोबर ठरवलंत.

रीवा: बरोबर काहीच नाही यात. पण पोर आपल्या हातून जायला नको.

ऑर्व्हिल: चला, मागच्या टेकाडावर. दहा गोळ्या झाडून बघू.

रीवा: आज नको. जनेलची कामाची वेळ झालीय, टेसीपाशी थांबायला हवं. उद्या येईन.

ऑर्व्हिल: तुम्ही त्या दिवशी येऊन गेल्यापासून मी विक्रीची वही उघडून बसतो रोज. एकतीस वर्षांची नावं आहेत तीत. इथून नेलेल्याचं पुढं काय झालं, हे मी एकालाही कधी विचारलं नाही.

रीवा: आता तरी कशाला विचारता? आमचं तुम्हाला कळेलच. गाव लहान आहे.