माझ्या गैरहजेरीतला मराठीचा तास

आमचे मूळ पुरुष दक्षिणेतून आले, घोडदळात होते, असं माझे वडील सांगायचे. नेमकं गाव कुठलं ते त्यांनाही माहीत नव्हतं, साताऱ्याकडचं कुठलं तरी, एवढंच, आणि फार खोदून विचारलं की म्हणायचे, अगं आता लश्कर हेच आपलं गाव. ग्वाल्हेरच्या ह्या लश्कर भागातच, माधवगंजात आम्ही वाढलो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांची एक रीत आहे, काय सांगू तुम्हाला, घरभर मराठी माणसं बसलेली असू देत, मध्ये एक हिंदी बोलणारा येऊन बसला की आम्ही सगळेच्या सगळे हिंदीत शिरतो. कुणी सांगावं लागत नाही. त्याला परकं वाटू नये म्हणून. माझी आई तर दूधवाला निघून गेल्यावरही थोडा वेळ आमच्याशी हिंदीतच बोलत राहायची आणि आम्ही हसायचो. आमच्या घरी याला संस्कार म्हणायचे.

मी लग्नाच्या आधीपासून शाळेत शिकवते. मराठी मंडळींनी काढलेली छोटी शाळा होती, पहिली-दुसरीची मुलं माझ्याकडे. शिकवणं सगळं हिंदीतच, पण रोज एक तास मराठीचा, तो पहिल्यापासून होता. मुलं कमी होत गेली. शेवटी थाटीपुरच्या मोठ्या शाळेत आमची शाळा मिसळून टाकली, आणि तेही त्याच वर्षी, ज्या वर्षी सगळ्या शाळा बंद होऊन मोबाइलवर भरायला लागल्या. म्हणजे आमची शाळा गेली ती कुणी जाताना पाहिलीसुद्धा नाही. थाटीपुरच्या मोठ्या मॅडम स्वभावाने चांगल्या, मी खोटं कशाला बोलू. त्या मला म्हणाल्या, मराठी का पीरियड इस साल रहने देते हैं, साल के आखिर में देखेंगे. त्या आखिर में देखेंगेवर मी वर्षभर जगत होते. एकच गोष्ट मनात धरली होती, वर्षभर हा तास एक दिवससुद्धा बंद पडू द्यायचा नाही, कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही.

आता मोबाइलवर सहा वर्षांच्या मुलाला मराठी कशी शिकवणार? मी मुलांना सांगायची, स्वयंपाकघरातून एक वस्तू घेऊन या, ती कॅमेऱ्यासमोर धरा आणि तिचं नाव सांगा, घरात आजी काय म्हणते ते. मग कुणी पोळपाट आणायचं, कुणी उलथनं, कुणी झारा. एका मुलीने तर आजीलाच ओढत आणून बसवलं. आजी म्हणाल्या, बाई, मी पण वस्तूच का आता? मी पण घरातून काहीतरी उचलून आणायची, आणि आमचे हे पलीकडून ओरडायचे, अहो बाई, तुमचा झारा वर्गातून सुटला असेल तर पुऱ्या तळायला पाठवा.

मग ह्यांनाच ताप आला. पुढे श्वास लागायला लागला. दवाखान्यात भरती करावं लागलं. मी मोठ्या मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, आप बिलकुल चिंता मत कीजिए, प्रीती को बिठा देंगे, आप बस उसके लिए प्लान बनाकर भेज दीजिए. प्रीती म्हणजे नवीन लागलेली मुलगी, भिंडकडची, गोड आहे, पण मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. मराठी येणारं दुसरं कुणी त्या शाळेत नव्हतंच.

दवाखान्याच्या बाहेर लोखंडी बाकावर बसून मी प्लान लिहिला. असा प्लान मी जन्मात लिहिला नव्हता. कुठल्या मुलाला आधी विचारायचं आणि कुणाला शेवटी, कारण शेवटी विचारलं तरच तो बोलतो. कुणाच्या वडिलांचं किला गेटला दुकान आहे, मोबाइल त्यांच्याबरोबर जातो, ते दुपारी जेवायला घरी आले की मगच तो मुलगा दिसेल, त्याला उशिरा आलास म्हणून बोलायचं नाही. चित्र दाखवायचं तर हातात धरून दाखवायचं, स्क्रीनवर लावलं की लहान मोबाइलवर काही दिसत नाही. नेट गेलं तर काय करायचं, मूल रडायला लागलं तर काय करायचं. माझी नणंद डबा घेऊन आली, तिने मला लिहिताना पाहिलं आणि म्हणाली, वहिनी, प्लान लिहितेस का मृत्युपत्र? आम्ही दोघी हसलो. त्या जागी हसलो, बघा.

आणि हे सगळं मी हिंदीत लिहिलं. मराठीच्या तासाचंसुद्धा. प्रीतीला वाचता आलं पाहिजे ना. शिवाय मला वाटलं, मुलं पोळपाट म्हणतील आणि ह्या बिचारीला काही कळणारच नाही, मुलांसमोर तिची फजिती होईल. म्हणून खाली लिहिलं, बच्चे चीज का नाम हिंदी में बताएं तो भी ठीक है. मनात काहीच आलं नाही. घरात पाहुणा आला की पुढे पाणी ठेवतो तसं लिहून टाकलं.

ह्यांच्या तोंडावर मास्क होता. एकदा तो थोडा बाजूला करून त्यांनी मला विचारलं, तुझा तास कोण घेतंय? म्हटलं, प्रीती. म्हणाले, मराठी येते का तिला? म्हटलं, शिकतेय. त्यांनी मान हलवली. नर्सने मास्क परत लावला. त्यानंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत, कधीच.

तास मात्र चालू होता. एक दिवस बंद पडला नाही. मुलं पोळपाट दाखवायची, प्रीती विचारायची, इसे क्या कहते हैं, मुलं म्हणायची, चकला. शाबाश. लाटण्याला बेलन, शाबाश. ह्यांचे दिवसवार आटोपून मी परत आले तेव्हा मी विचारलं तरी मुलं चकलाच म्हणत होती. मी म्हणायची, आजी काय म्हणते? मुलं म्हणायची, आजी भी चकला बोलती है.

वर्ष संपत आलं. आता दोन शाळांचं मिळून एकच टाइमटेबल बसवायचं होतं. मोबाइलवरच मीटिंग झाली. मोठ्या मॅडमनी माझं आधी कौतुक केलं, सगळ्यांसमोर. म्हणाल्या, मॅडम के घर में इतनी बड़ी बात हो गई, लेकिन इनका प्लान ऐसा था कि क्लास एक दिन नहीं रुकी. मग म्हणाल्या, और मराठी का पीरियड भी हिंदी में बढ़िया चल गया, किसी पेरेंट की शिकायत नहीं आई, तो अलग से रखने की जरूरत तो नहीं है ना मॅडम? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, जी, मैं पालकों से पूछकर बताती हूँ.

विचारलं. एकेका घरी फोन केला, सगळी आपलीच माणसं. म्हटलं, एक अर्ज द्या, तास राहू द्या म्हणून. कुणी म्हणालं, बघतो. कुणी म्हणालं, तुम्ही म्हणाल तसं. एक आई, चांगली शिकलेली, मला म्हणाली, काकू, राग मानू नका, पण त्याला तो तास हिंदीतच सोपा जातो हो, आणि सच बताऊँ काकू, त्या जागी कॉम्प्युटर दिला तर उसका कुछ तो फायदा होगा. तिची सासू मागून काही तरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही. अर्ज एकही आला नाही.

तर तो तास असा गेला. भांडण नाही, कुणी वाईट बोललं नाही. माणूस गेला की लोक भेटायला तरी येतात. ह्यांच्या वेळी साथीचे दिवस असूनही दारात उभं राहून लोक दोन शब्द बोलून गेले. तासाचं कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि मी कुणाला सांगणार?

आता शाळा पुन्हा भरते, थाटीपुरच्या इमारतीत. मी दुसरीला हिंदी शिकवते. मुलं चांगली आहेत, कुणाचंच काही वाईट नाही. कुणी सुट्टीवर जाणार असलं की मोठ्या मॅडम त्याला माझ्याकडे पाठवतात, मॅडम से प्लान बनवा लो. प्रीतीचं लग्न ठरलंय, भिंडमध्येच, मुलगा बँकेत आहे. देव तिला सुखात ठेवो, तिचा कशात काही दोष नव्हता. तिच्या सुट्टीचा प्लान सध्या मीच लिहिते आहे. पहिलीची तीच वेळ येते, मराठीच्या तासाची, तिथे मी कॉम्प्युटर लिहिते. आधी आधी तिथे हात थांबायचा. आता थांबत नाही.