लाखोळीचं वरण आणि अस्वल

आमचे हे किती बोलतात, तुम्हाला माहीतच आहे. चहा हवा असला तरी नुसता कप पुढे करतात. मागच्या उन्हाळ्यात पाठीवर बॅगा घेऊन आम्ही दोघं कचारगडच्या गुहेकडे पायी निघालो. वाटेत मोहफुलं वेचणारी एक बाई म्हणाली, "चूपचाप नका जाऊ. अस्वल मोहाखाली येऊन राहिले. माणसाचा आवाज आला का बाजूला होतात."

अर्धा डोंगर मीच बोलून बोलून थकली. म्हटलं, "आता तुम्ही बोला."

"ऊन आहे," हे म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "झाडं आहेत."

तेवढ्यात वळणावर, मोहाखाली, अस्वल! भीतीनं माझा आवाजच फुटेना. आणि हे एकदम ओरडले, "तुझं लाखोळीचं वरण मले सोळा वर्षांत एकदाही नाही आवडलं!"

अस्वलानं मान वर केली आणि सरळ झाडीत पळालं.

"चल, परत जाऊ," हे पुटपुटले.

"कायले?" मी बॅगेचे पट्टे आवळले. "गुहेपर्यंत जायचंच. आणि बोलत राहा. वरणानंतर काय काय आहे, ते मले आज सगळं ऐकायचं आहे."