साहेब गप्प म्हणजे हो

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बियाणे कंपनीतले दोघं होते. लॅबमधली माया आणि गोदामातले तनवीरभाई.

“ते लॉटच्या मंजुरीचं अॅप मीच बनोलं, तनवीरभाई. कोड लिवा लागत नाई, ऑफिसच्या चॅटमधीच एकेका कामाचे चौकोन ओढून जोडा लागते.”

“मंग रडून काहून राहिली?”

“बियाण्याचा लॉट विकाले सोडाआधी साहेबाले ‘मंजूर’ दाबा लागे. ते कधी दाबेच नाई.”

“आपल्या इथं साहेब गप्प म्हणजे हो. वीस वर्षांपासून असंच आहे.”

“तेच टाकलं मी त्याच्यात. चोवीस तासांत उत्तर नाई आलं, का आपोआप मंजूर.”

“बराबर तर केलं.”

“काल सकाळी तुरीचा लॉट फेल झाला. शंभरातले बावीसच दाणे उगवले. अॅपनं आज सकाळी मंजूर केला!”

“साहेबाले फोन लाव ना!”

“लावला. म्हणे, मी मुद्दामच दाबलं नव्हतं.”

“या अल्ला. गाडी तं मी सकाळीच भरून देली.”

“पोत्यासंग रिपोर्ट असते ना, तनवीरभाई? बावीसचा आकडा तुमी पाह्यला होता?”

बडनेरा येईपर्यंत तनवीरभाई गप्प होते.