आप्पांचा पाय

सत्यशीला: मोजा काढा, आप्पा.

आप्पा: आधी चहा तर घे. एवढ्या लांबून, बंगळुरूहून आलीस.

सत्यशीला: केजच्या उन्हाळ्यात मोजे कोण घालतं? काढा.

(आप्पा उजव्या पायातला मोजा सावकाश उतरवतात.)

सत्यशीला: दोन बोटं कुठं गेली?

आप्पा: कापली. थंडीत. शुगर लई वाढलती. चप्पल चावलती, मी म्हणलं जन्मभर एसटी चालवलेला पाय हाय, भरंल आपोआप.

सत्यशीला: आपण दर रविवारी फोनवर बोलतो.

आप्पा: तू इचारायचीस, बरं हाय का. मी म्हणायचो, बरं हाय.

सत्यशीला: पण लपवलं कावून?

आप्पा: तुझ्या सत्काराला मीच माईक घेऊन सांगितलं ना, माझी लेक मूळपेशींपासून नव्या नसा उगवती, आता कुणाचा पाय कापायची पाळी येणार न्हाई. मग माझीच बोटं गेली, हे कोणत्या तोंडानं सांगू? लोक तुला हसले असते.

केशरबाई (चहा घेऊन येत, नवऱ्याला): सगळं सांगा की तिला. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, लेकरं काय करत्यात? तर ह्यांनी सांगितलं, एकच लेक हाय, ब्यांकेत हाय.

सत्यशीला: बँकेत?

आप्पा: डॉक्टर हाय म्हणलं असतं, तर कशाची डॉक्टर ते इचारलं असतं त्यांनी.

सत्यशीला: खरंच, कशाची? शुगरचा पेशंट आला की आधी त्याचे पाय बघायचे, हे मी वॉर्डात रोज करायचे. प्रयोगशाळेत गेले आणि तुमचा पाय दाखवा म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. उंदरांचे मात्र रोज बघते. कुणाच्या पंजाला रक्त कमी पोचतंय, कुणाचं नख काळं पडतंय.

आप्पा: त्यांचे पाय वाचत्यात?

सत्यशीला: काहींचे वाचतात.

आप्पा: आन माझा? तिसरं बोटबी काळं पडायलंय.

सत्यशीला: आमच्या त्या पेशी माणसाला देता येत नाहीत अजून. लई वर्षं लागतील. तुम्ही माईकवर बोलत होतात तेव्हा मी शेजारीच बसले होते, आप्पा. तिथंच सांगायला पाहिजे होतं. टाळ्या वाजत होत्या. मला बरं वाटलं.

आप्पा: मलाबी.

सत्यशीला: पाय इकडं द्या. नाडी बघते.

आप्पा: नगं. वास येतो.

केशरबाई: लेकच हाय तुमची. द्या.

आप्पा: लागली का?

सत्यशीला: थांबा जरा.

आप्पा: लागत नसंल तर न्हाई म्हण, शीला. माझ्यावानी करू नको.

सत्यशीला: पावलात नाही लागत. घोट्यापाशीपण नाही. गुडघ्यामागं लागतीय. उद्याच संभाजीनगरला जाऊ. बंद पडलेली नस आतून फुगा घालून उघडता येते का, ते तिथं बघतील. बोट बहुतेक जाईल.

आप्पा: आन पाऊल?

सत्यशीला: माहीत नाही, आप्पा.

आप्पा: बरं. सकाळी कधी निघायचं?