तीसच्या तीस रोजे

नेवाशाला सोनोग्राफीसाठी बसलो होतो. मागच्या बाकावर सोनईच्या दोन शेजारणी. एकीची सून अल्मास आत गेली होती.

“हाजराबी, ईदलाच पेढे कशाला वाटले?”

“अल्मासनं तीसच्या तीस रोजे धरले, कलाबाई. पाळीत रोजा धरत न्हाईत. हिचा एकबी सुटला न्हाई. मग मला काय वाटंल?”

“व्हय की. मग?”

“दिवस गेलेच न्हाईत. डॉक्टरीन म्हनली, पीसीओडी हाय, पाळीच येत न्हाई. आधी पाळी यायच्या गोळ्या, मग मुलाचं बघू.”

“आन अल्मास?”

“काल इचारती, ‘अम्मी, पुढच्या रमजानला रोजे सुटू दे, अशी दुआ मागू का?’”

“तुमी काय म्हनले?”

“आमीन म्हनून बसले.”