दोन वाजून दहा मिनिटांनी ते नीट बोलत होते

दिनांक ८ जानेवारी २०२६, गुरुवार, सकाळी ११.१५ वाजता

माझे नाव श्रीरंग दिगंबर लासूरकर, वय ४१ वर्षे, व्यवसाय नोकरी, व्यवस्थापक, हॉटेल पानमळा, जालना रोड. राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर. मूळ राहणार कन्नड. मला आज कोणी बोलावलेले नाही. मी स्वतःहून ठाण्यात येऊन, पोलीस हवालदार बुद्धभूषण साळवे यांच्यासमोर बसून सांगतो की, मी दिनांक १४ डिसेंबर २०२५ रोजी याच ठाण्यात एक तक्रार अर्ज दिला होता. त्यात एका गिऱ्हाइकाने दारू पिऊन हॉटेलात धिंगाणा घातला असे लिहिले होते. त्याबाबत खरी हकिकत खालीलप्रमाणे आहे.

मी सदर हॉटेलात सहा वर्षांपासून काम करतो. आमच्याकडे थाळी मिळते. वाढपी दहा आहेत, पैकी चार महिला. त्यांच्यातील साळूबाई कृष्णा तुपे, वय ४६, या फुलंब्रीहून रोज सकाळच्या बसने येतात व संध्याकाळच्या बसने परत जातात. त्या वरण, भाजी व भाकरी वाढतात. कामाला लागून तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत माझे त्यांच्याशी कामापुरते बोलणे होते.

आमच्याकडे गिऱ्हाईक जाताना वाढप्यासाठी जे काही ठेवायचे ते बडीशेपेच्या वाटीखाली ठेवत असे. कोणी दहा ठेवी, कोणी पन्नास, कोणी काहीच नाही. लोकांच्या मर्जीवर धंदा चालत नाही असे हॉटेलमालकांचे मत पडले. म्हणून १ ऑक्टोबरपासून प्रत्येक बिलात सात टक्के सेवाशुल्क छापून येऊ लागले. ते सक्तीचे होते. गिऱ्हाइकाने विचारले तर हे पैसे वाढप्यांना जातात असे सांगावे, अशी मला सूचना होती. ते पैसे १४ डिसेंबरपर्यंत एकाही वाढप्याला मिळालेले नव्हते. बिलातच पैसे घेतले म्हणून लोकांनी वाटीखाली ठेवणेही बंद केले. हे मला माहीत होते.

दिनांक १४ डिसेंबर रोजी, रविवारी, दुपारी दीडच्या सुमारास वैजनाथ रामचंद्र टाकळकर, वय ६७, हे पत्नी दमयंती यांच्यासह जेवायला आले. ते पैठणला पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता निवृत्त आहेत, हे मला नंतर समजले. आत येतानाच त्यांनी मला सांगितले की, आज आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, जरा पंख्याखालचे टेबल द्या. मी चार नंबरचे टेबल दिले. साळूबाई त्यांना वाढत होत्या.

दोन वाजून पाच मिनिटांच्या सुमारास त्यांनी बिल मागितले व ते हातात घेऊन काउंटरपाशी आले. साळूबाई तेव्हा शेजारच्या टेबलाला पाणी देत होत्या.

टाकळकर म्हणाले, "साहेब, हे सेवाशुल्क काढा. जेवण उत्तम होतं, वाढलंही मायेनं. पण हे असं छापून घेता येत नाही. द्यायचं का नाही ते देणारानं ठरवायचं असतं."

मी म्हणालो, "काका, हा हॉटेलचा नियम आहे. सगळे देतात."

ते म्हणाले, "मी तीस वर्षं सरकारी कागद लिहिले. नियम कशाला म्हणतात ते मला कळतं. बरं, हे पैसे हिला मिळतात का? मला तेवढं सांगा, मी मुकाट्यानं भरतो." असे म्हणून त्यांनी साळूबाईंकडे हात केला.

मी म्हणालो, "हो, मिळतात."

साळूबाई हातात जग घेऊन उभ्या होत्या. 

टाकळकरांचा विश्वास बसला नाही. ते परत बोलू लागले. त्यांच्यामागे बिलासाठी आठ-दहा माणसे थांबली होती, म्हणून मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. मग त्यांचे शब्द जड येऊ लागले. "सेवा" म्हणायला गेले, ते "शेवा" झाले. मग शब्दच सापडेना. पाकीट हातातून पडले. ते उचलायला वाकले तसा त्यांचा तोल गेला व काउंटरजवळच्या टेबलावरचे ताट खाली आले. वरण फरशीवर सांडले. मी त्यांच्या दंडाला धरले व मोठ्याने म्हणालो, "पिऊन येता आणि वरून नियम शिकवता?"

दमयंती टाकळकर धावत आल्या. "अहो, ते घेत नाहीत हो. कधीच घेत नाहीत," असे त्या म्हणत होत्या. मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. दोन वाजून अठरा मिनिटांनी मी ११२ ला फोन करून दारू प्यालेला इसम गोंधळ घालतो आहे असे कळवले. एका गिऱ्हाइकाने मोबाईलवर चित्रण सुरू केले. मी त्याला अडवले नाही.

त्यावेळी साळूबाईंनी जग खाली ठेवला व आमच्या दोघांच्या मध्ये आल्या. माझा हात टाकळकरांच्या दंडावरून काढला. आजवर त्यांनी मला कधी हात लावलेला नव्हता. त्यांनी टाकळकरांना खुर्चीवर बसवले व त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "काका, माह्याकडं बघा. हसा बरं जरा."

ते हसायचा प्रयत्न करू लागले. तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली.

"आता दोन्ही हात वर करा. असे." त्यांनी स्वतः करून दाखवले. टाकळकरांचा डावा हात वर गेला. उजवा मांडीवरून उठला आणि परत पडला.

साळूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, दारू नाय ही. अंगावरून वारं चाललंय यांच्या. येक मिनिट घालवू नका." मी काही बोलण्याच्या आत त्या दमयंती यांना म्हणाल्या, "काकू, पाणी पाजू नका, ठसका लागंल. तेल-बिल चोळू नका. रडू पण नका, त्यांना समजतंय सगळं." मग एका वाढप्याला १०८ ला फोन लावायला सांगितले. हॉटेलात तेव्हा साठ-सत्तर माणसे असतील. सगळे त्या सांगतील ते करत होते. मीही करत होतो. खुर्च्या बाजूला करा म्हणाल्या, मी केल्या.

दोन वाजून तीस मिनिटांनी माझ्या फोनवरून पोलिसांची गाडी आली. हवालदार साळवे आत आले व "कुठं आहे तो?" असे विचारले. साळूबाई त्यांना म्हणाल्या, "दादा, धरून न्यायचं नाय, उचलून न्यायचं हाय. १०८ अजून आली नाय, तुमचीच गाडी पाहिजे." साळवे यांनी टाकळकरांच्या तोंडाकडे एकदा पाहिले व दुसरे काही विचारले नाही. चौघांनी उचलून त्यांना पोलीस गाडीत घेतले. साळूबाई मागे बसल्या, मांडीवर त्यांचे डोके घेऊन. मी पुढे बसलो. मी का गेलो ते मला सांगता येत नाही. वाटेत एका लग्नाच्या वरातीने अर्धा रस्ता अडवला होता. सायरन ऐकून वरातीने वाट दिली. बारा मिनिटांत आम्ही दवाखान्यात पोहोचलो.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की, हे शेवटचे नीट कधी बोलत होते, नक्की वेळ सांगा, इंजेक्शन द्यायचे की नाही ते त्यावर आहे. दमयंती यांना काही सुचेना. मी म्हणालो, "ते पहिल्यापासूनच असं बरळत होते." डॉक्टर थबकले.

साळूबाई म्हणाल्या, "नाय डॉक्टर. दोन वाजून धा मिनिटांनी ते नीट बोलत व्हते. 'हे पैसे हिला मिळतात का' असं इचारलं त्यांनी. येक अक्षर अडखळलं नाय. मी तवा घड्याळाकडं बघितलं व्हतं. पाच मिनिटांनी जीभ जड झाली."

डॉक्टरांनी ती वेळ कागदावर लिहिली. टाकळकरांना आत नेले. तीन वाजून वीस मिनिटांनी इंजेक्शन दिले असे नंतर समजले.

बाहेर बाकावर बसल्यावर मी साळूबाईंना विचारले, "तुम्ही घड्याळाकडे का बघितलं होतं?"

त्या म्हणाल्या, "मंग कुठं बघू, साहेब?"

मी "हो, मिळतात" म्हणालो तेव्हाची ही गोष्ट होती.

मी सांगतो की, मला त्या बाईंकडे बघायची भीती वाटू लागली. भीती हा शब्द बरोबर नाही. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी पाय आपोआप थांबतात, तसे झाले. हे लिहू का असे हवालदारांनी विचारले. मी लिहा म्हणालो.

एवढे होऊनही मी साडेचार वाजता ठाण्यात येऊन अर्ज दिला. हॉटेलमालकांचा फोन आला होता की, प्रकरण आपल्यावर उलटेल, आधी आपली तक्रार नोंदवून ठेव. ती सबब मी सांगत नाही. अर्ज माझ्या हाताने लिहिलेला आहे. "मद्यधुंद अवस्थेत" हे शब्द माझे आहेत. त्याच संध्याकाळी ते चित्रण माझ्याही मोबाईलवर आले. त्यात टाकळकरांचा तोल जाताना दिसतो व माझा आवाज ऐकू येतो. मी ते हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर पुढे पाठवले. खाली लिहिले की, असली गिऱ्हाइके येतात. आणि हजेरीवहीत साळूबाईंचा अर्धा दिवस मांडला, कारण त्या परवानगी न घेता काम सोडून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. वहीत पाहिले व पदर खोचून भाकरी वाढायला लागल्या.

दिनांक १७ रोजी मी दवाखान्यात गेलो. टाकळकर जागे होते. दमयंती यांनी मला रक्ततपासणीचा अहवाल दाखवला, त्यात दारूचा अंश नव्हता. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या की, चित्रण त्यांच्या भाच्याकडे पैठणला पोहोचले, आणि ज्या कचेरीत ह्यांनी तीस वर्षे नोकरी केली तिथेही पोहोचले. "ह्यांनी चहासुद्धा कुणाचा घेतला नाही कधी," असे म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले की, नक्की वेळ माहीत नसती तर त्यांनी ते औषध देण्याची जोखीम घेतली नसती. ही बाई कोण आहे, नर्स आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, आमच्याकडे वाढते.

परत आल्यावर मी साळूबाईंना हे कुठे शिकलात असे विचारले. त्यांनी सांगितले की, चार वर्षांपूर्वी त्यांचे पती कृष्णा यांचे शेतात बोलणे अडखळू लागले. घरच्यांना वाटले उन्हाने झाले असेल. रात्रभर तेल चोळले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. ते दीड वर्ष अंथरुणाला खिळून वारले. दवाखान्यातल्या एका नर्सने सांगितले की, चार तासांत आणले असते तर चालले असते. "मी तिला म्हनलं, ताई, मला वळखायचं कसं ते शिकवा. ती म्हनली, आता काय उपेग. मी म्हनलं, शिकवा तरी." हसणे, हात, बोलणे आणि घड्याळ, असे चार शब्द त्यांनी पाठ केले. जेवायला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा हात त्या बघतात. घास उचलताना बघतात. तीन वर्षांत किती हजार माणसे झाली असतील ते मला सांगता येत नाही. हे त्यांना कोणी करायला सांगितले नव्हते, व कोणत्याही बिलात ते धरलेले नव्हते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बिलावरील सेवाशुल्काची ओळ पेनाने खोडू लागलो. मालकांनी जाब विचारला. मी म्हणालो, माझ्या पगारातून कापा किंवा मला काढा. आठ दिवस वाद झाला. २६ डिसेंबरपासून ती ओळ छापणे बंद झाले. जमा झालेले पैसे दहा वाढप्यांना वाटून दिले. साळूबाईंचा अर्धा दिवस मी पूर्ण केला.

दिनांक ४ जानेवारी रोजी दुपारी टाकळकर पती-पत्नी हॉटेलात आले. टाकळकरांच्या हातात काठी होती. बोलणे हळू पण स्पष्ट होते. मी सर्वांसमोर त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तोंडी नको. जिथं लिहिलंय तिथं खोडा." मी बिल घेणार नाही म्हणालो, तर त्यांनी ऐकले नाही. बिल तपासले, भरले. मग पाकीट टेबलावर ठेवून उजव्या हाताने त्यातून एक नोट काढू लागले. बोटे नीट वळत नव्हती. नोट दोनदा सुटली. दमयंती मदत करायला पुढे झाल्या, तर साळूबाईंनी मानेने नको म्हटले. त्या समोर उभ्या राहिल्या. हात पुढे केला नाही, घाई केली नाही. आसपासच्या टेबलांवरचे जेवण थांबले होते. शेवटी नोट निघाली व त्यांच्या हाताने टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आली, तेव्हा साळूबाईंनी ती घेतली.

टाकळकर म्हणाले, "हे मी देतोय. कुणी घेतलेलं नाही."

साळूबाई म्हणाल्या, "व्हय काका. म्हनून तर घेते."

नोट कपाळाला लावून त्यांनी कनवटीला खोचली व सहा नंबरच्या टेबलाला ताक द्यायला गेल्या.

माझी विनंती आहे की, श्री. वैजनाथ टाकळकर यांनी मद्यप्राशन केलेले नव्हते, त्यांनी कोणालाही शिवीगाळ केली नाही, अशी नोंद व्हावी व माझा अर्ज निकाली काढावा. खोटा अर्ज दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. या जबाबाची नक्कल मिळाल्यास मी ती त्याच ग्रुपवर माझ्या नावाने टाकणार आहे व एक प्रत पैठणच्या कचेरीत नेऊन देणार आहे.

वरील मजकूर हवालदार साळवे यांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. १४ डिसेंबरचा अर्जही मला असाच वाचून दाखवला होता आणि तो बरोबर आहे असे सांगून मी खाली सही केली होती. तो बरोबर नव्हता. हा आहे.

सही
श्रीरंग दिगंबर लासूरकर

समक्ष
बु. साळवे, पोलीस हवालदार