हक्क समितीच्या अध्यक्षांचं संरक्षण

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या भिवंडीच्या शाळेत मला संरक्षण होतं. पूर्ण दोन दिवस.

नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी शिकवलं, की मानवी हक्क आयोगाच्या लोकांवर चांगल्या हेतूने केलेल्या कामासाठी खटला भरता येत नाही, म्हणून ते न घाबरता लिहितात. मग सरांनी लगेच शाळेची हक्क समिती नेमली. अध्यक्ष मी, कारण मी कधी बोलत नाही.

"तुम्हालाही तेच संरक्षण. बिनधास्त लिहा," सर म्हणाले.

मी समितीच्या अहवालात खरंच लिहिलं: 'मुलींच्या शौचालयाला कुलूप असतं. फक्त पाहुणे आले की उघडतात.'

दोन दिवसांनी सरांनी मला बोलावलं. "उद्या वडिलांना घेऊन ये."

पप्पांची कापडाच्या लूमवर दिवसाची शिफ्ट. एक दिवस गेले नाहीत, तर शेठ त्यांच्या जागी दुसरा माणूस लावतो.

"सर, पण संरक्षण?"

"ते चांगल्या हेतूला असतं."

"माझा हेतू चांगलाच होता."

"ते मुख्याध्यापक ठरवणार." सरांनी आवाज खाली केला. "कुलूप त्यांनीच लावलंय."

बाहेर माझी मैत्रीण शबाना सगळं ऐकत होती. "पगली, पप्पा को क्यों लाती है? नया लिख दे ना!"

मी नवा अहवाल लिहिला. मुख्याध्यापकांनी तो खूश होऊन फलकावर लावला, अजूनही आहे. पप्पांची शिफ्ट वाचली.

'मुलींचं शौचालय अतिशय स्वच्छ आहे. आजपर्यंत एकाही मुलीने ते वापरलेलं नाही.'